मागच्या विमानाचा पायलट

माझी भाची मिनियापोलिसला असते. गेल्या उन्हाळ्यात तिने विमानातून उडी मारली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. एकटीने नाही मारली. पाठीशी एक धिप्पाड प्रशिक्षक पट्ट्यांनी जखडलेला, ही त्याच्या पोटाशी कांगारूच्या पिल्लासारखी लोंबकळतेय, आणि दोघं मिळून दारातून बाहेर. ताई तेव्हा आमच्याकडेच होती. तिने व्हिडिओ पाहिला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "लग्नाचा विषय काढला की हिच्या पोटात गोळा येते. अन् इथे पाहा." मग फोन उचलून पुन्हा पाहिला. तीनदा. भाचीचं उत्तर तयारच होतं: पुण्याच्या शीतल महाजननी २०१८ मध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती, मी तर जीन्समध्ये होते.

मी त्या व्हिडिओत उडीपर्यंत पोचलोच नाही. त्याआधीच्या दोन सेकंदांपाशी अडकलो. कॅमेरा वळताना विमानाची पुढची बाजू ओझरती दिसते. तिथे पायलट आहे. चौकडीचा शर्ट, कानांवर हेडफोन, पाठीवर दप्तरासारखं काहीतरी चपटं. मागे पोरं किंचाळतायत, दार उघडल्यामुळे वारा आत घुसलाय, माणसं एकामागून एक नाहीशी होतायत, आणि हा समोर बघत बसलाय. सिटी बसच्या ड्रायव्हरने नागपुरात बर्डीच्या स्टॉपवर माणसं उतरू द्यावीत तसा.

भाचीला फोनवर विचारलं, त्या पायलटच्या पाठीवर काय होतं?

"त्याचं पॅराशूट, मामा. इमर्जन्सीचं."

"त्याने कधी वापरलंय का?"

"मामा, उडी मी मारली. अन् तू पायलटचं विचारून राहिला!"

तिचं बरोबर आहे. पण हे असं होतं माझं, आणि त्याला कारण आमचे बाबा आहेत.

बाबा आरएमएसमध्ये होते. म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, डाकखात्याची ती शाखा जी टपाल हलवते. नागपूर देशाच्या मधोमध आहे हे आम्हा नागपूरकरांना जन्मतःच शिकवलं जातं, झिरो माइलचा खांब दाखवून. पण या मधोमध असण्याचा खराखुरा उपयोग एकदाच कोणीतरी केला, तो रात्रीच्या हवाई टपालाने. १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, एकत्र यायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेच्या आत चारही विमानं आपापल्या घरी. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्याला. १९७३ पर्यंत हे चाललं. म्हणजे माझ्या लहानपणी बाबांची रात्रपाळी असली की आम्हाला माहीत असायचं, आत्ता बाबा विमानापाशी आहेत. शाळेत हे सांगताना मी जरा मीठमसाला लावायचो.

प्रत्यक्षात बाबा पिशव्या मोजायचे. शिक्का, चिठ्ठी, सही. पिशवी चढली, विमान गेलं, बाबा सायकलवरून घरी. आयुष्यात एकदाही ते विमानात बसले नाहीत. मी बँकेत लागल्यावर म्हटलं, एकदा मुंबईला जाऊ विमानाने. तर म्हणाले, "पाहिलीत ना मी. आतून काय वेगळी असतील?"

त्यांना विमानतळावरच्या टपालाच्या शेडमधल्या जुन्या लोकांनी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती त्यांनी आम्हाला. १९५३ च्या डिसेंबरात रात्रीच्या टपालाचं एक डाकोटा विमान सोनेगावहून उडालं आणि इंजिन बंद पडून लगेच कोसळलं. १३ माणसं गेली. वाचला तो फक्त पायलट. बाबा नोकरीला लागले त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट, पण सांगताना ते स्वतः तिथे उभे असल्यासारखे सांगायचे, आणि शेवट नेहमी एकाच वाक्याने करायचे, त्या शेडमधल्या म्हाताऱ्या हमालाच्या: "वाचला बिचारा."

मला लहानपणी हे कळायचं नाही. जो वाचला तो बिचारा कसा? बिचारे तर ते तेरा.

असो. भाचीच्या पायलटवरून मी शोधायला लागलो की अशा विमानाच्या पायलटला पाठीवरचं ते दप्तर कधी उघडावं लागतं का. लागतं. आणि ते जिथे लागलं ती जागा तिच्यापासून गाडीने अडीच तासांवर निघाली.

विस्कॉन्सिन राज्यात, लेक सुपीरियरच्या काठी, सुपीरियर याच नावाचं गाव आहे. तिथला छोटा विमानतळ रिचर्ड बाँग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ वैमानिकाच्या नावाने ओळखला जातो. ४० शत्रुविमानं पाडणारा हा माणूस, अमेरिकेत तो आकडा अजून कोणी ओलांडलेला नाही. २ नोव्हेंबर २०१३, शनिवार, संध्याकाळ. दिवसातली शेवटची फेरी. दोन सेसना विमानं एकापाठोपाठ उडाली. पुढच्यात पायलट धरून पाच जण, मागच्यात सहा. एकूण ११. आपल्याकडे तेव्हा नरकचतुर्दशी सरून लक्ष्मीपूजनाच्या दिवसाची पहाट व्हायची होती, मी बहुधा उटण्याच्या वासात झोपलेला होतो.

या विमानांत पायलटची सोडून बाकी खुर्च्या काढून टाकलेल्या असतात. पोरं जमिनीवर बसतात, एकाच्या मांडीत दुसरा, काळी-पिवळीत बसतात तशी. दार पंखाखाली वरच्या बाजूला उघडतं. उडी मारायची म्हणजे सरळ दारातून स्वतःला फेकून द्यायचं असं मला वाटत होतं, पण तसं नसतं. आधी बाहेर यायचं. चाकाच्या वर एक पायरी असते, तिच्यावर पाय ठेवायचा. पंखाला आधार देणारा एक तिरपा दांडा असतो, तो दोन्ही हातांनी धरायचा. असे दोघं-तिघं बाहेर लटकतात, समोरून वाऱ्याचा लोट, खाली साडेतीन किलोमीटर मोकळं, आणि मग कोणीतरी मानेने इशारा करतो, रेडी, सेट, गो. जुन्या एसटीच्या मागच्या शिडीला लटकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

दोन विमानं कशाला? तर दोन्हींतल्या पोरांनी एकाच क्षणी सुटायचं आणि हवेत एकमेकांना गाठून हात धरायचे, म्हणून. त्यासाठी विमानं जवळ हवीत. किती जवळ, याचा हिशेब मागच्या पायलटने ठेवायचा. हा नियम आहे, आणि तो लढाऊ विमानांपासून लग्नाच्या वरातीतल्या गाड्यांपर्यंत सगळीकडे तोच आहे: पुढचा सरळ जाईल, अंतर मागचा राखेल.

साधारण १२,००० फुटांवर पुढच्या विमानातली पोरं बाहेर येऊन लटकली. मागच्यातलीही निघत होती. माणसं बाहेर लटकली की वारा अडतो, विमान रेंगाळतं. सेसनाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे आत बसलेल्याला आपल्या वर काय आहे ते दिसत नाही. मागचं विमान पुढे सरकत आलं, वर आलं, आणि पुढच्याच्या डोक्यावर उतरलं.

बरीच पोरं हेल्मेटवर कॅमेरे लावून होती, त्यामुळे हे सगळं जगाने पाहिलं. मीही पाहिलं, आवाज बंद करून. तो दांडा धरलेला हात. मग वरून एक पांढरं पोट येतं, एक चाक येतं. मग आग. सेसनाच्या पंखांतच पेट्रोल असतं, आणि पंख तुटला होता. पुढच्या विमानाचा पायलट, काच फुटलेली, एकीकडे पंख नाही, गरगर फिरणाऱ्या त्या डब्यात बसलेला. त्याने पट्टा सोडला, बाहेर पडला आणि ते दप्तर उघडलं. जे त्याने रोज सकाळी चढवलं असेल आणि रोज संध्याकाळी खुंटीला लावलं असेल.

पोरांचं पॅराशूट लांबट चौकोनी असतं, ते हवं तिकडे वळवता येतं. त्यांच्याकडे दोन असतात, एक फसलं तर दुसरं. पायलटचं बहुधा गोल छत्रीसारखं, ते नेईल तिकडे जायचं, आणि एकच. तो किरकोळ दुखापतीवर खाली आला. नऊच्या नऊ पोरंही आली. त्यांचं तर कामच ते होतं, फक्त ठरल्यापेक्षा काही सेकंद आधी आणि डोक्यावर जळतं विमान घेऊन. १० ते १२ सेकंदांत माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास पडायला लागतो, आणि १२,००० फुटांवरून पॅराशूट उघडेपर्यंत पाऊण मिनिटाच्या आसपास हातात असतं. त्या पाऊण मिनिटात वर बघायचं की खाली, हे त्यांना कोणी शिकवलं नसणार.

जवळच्या काळातली आपल्याला आठवणारी आकाशातली टक्कर म्हणजे हरियाणातल्या चरखी दादरीची. १२ नोव्हेंबर १९९६. सौदीचं जम्बो दिल्लीहून वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन खाली उतरत होतं. एकाला १४,००० फुटांवर थांबायचं होतं, दुसऱ्याला १५,००० वर. इल्युशिन खाली घसरलं. ३४९ माणसं, एकही वाचलं नाही. त्यानंतर आपल्याकडे विमानांत समोरच्या विमानाची सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं. ती टक्कर दोन अनोळखी विमानांची होती, एकमेकांची भाषाही धड न कळणाऱ्यांची. समोरून विमान येतंय हे इल्युशिनला सांगितलेलं होतं, तरी टक्कर टळली नाही. सुपीरियरची उलटी. तिथे सगळे सकाळपासून एकत्र, एकाच पेटाऱ्यातले डबे खाल्लेले म्हणा हवं तर. एकमेकांना चिकटून उडायचं असंच ज्यांनी ठरवलंय त्यांना कुठलं यंत्र काय सांगणार?

अकराच्या अकरा वाचले, याचं सगळ्यांना अप्रूप वाटलं आणि ते रास्तच आहे. कारण अगदी साधं आहे: दार उघडं होतं आणि प्रत्येकाच्या पाठीवर पॅराशूट होतं. जे निघायच्या तयारीनेच आले होते ते निघाले. जम्बोत बसलेल्यांना हे कुठून मिळणार.

पण मी मोजत होतो. चार अधिक पाच, नऊ. पुढचा पायलट, दहा.

अकरावा उरतो. मागच्या विमानाचा पायलट. त्याच्या विमानातली पोरं उड्या मारून गेलेली, विमान जखमी पण उडण्याजोगं. त्याने ते वळवलं, आणि रोज उतरवायचा तसंच धावपट्टीवर उतरवलं. रिकामं. पुढे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. निष्कर्ष सरळ होता: मागच्या पायलटने अंतर राखलं नाही.

त्या व्हिडिओंमध्ये तो जवळपास नाहीच. असणार कसा? कॅमेरे पोरांच्या डोक्यावर, आणि पोरं बाहेर. तो तेवढा वेळ एका रिकाम्या डब्यात, उघड्या दारासकट, एकटा. डोळ्यांसमोर त्याने एक विमान पेटलेलं पाहिलंय. खाली किती जण पोचले असतील, पोचले असतील का, हे उतरून कोणाला तरी विचारेपर्यंत कळणार कसं?

मला त्याच्याबद्दल एवढं का वाटावं? तर सांगतो. एवढं लिहिलं आहे तर हेही.

जानेवारी १९८८. मी पंचवीसचा, बँकेत नवा. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, एकोणतीसचा. खापरीजवळ त्याच्या मित्राचं शेत होतं, तिथे हुरडा पार्टी. कोवळी ज्वारी, शेण्यांच्या आगट्या, राखेतून काढलेली कणसं हातावर चोळून गरम हुरडा, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. हुरडा खाल्ल्यावर जी सुस्ती येते ती भांगेनेही येत नसेल. दिवस मावळायला आम्ही निघालो. त्याची स्कूटर, माझी स्कूटर.

वर्धा रोड तेव्हा असा नव्हता. आता तिथे खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो अशी तीन मजली इमारत उभी राहिली आहे, आणि मधला छत्रपती चौकातला पूल तर बांधून, वापरून, पाडूनही झाला. तेव्हा दोन पदरी डांबरी रस्ता, दोन्हीकडे झाडं, ट्रक, आणि सोनेगावच्या बाजूला विमानतळाचे दिवे. जानेवारीतली नागपूरची थंडी बोचरी असते. दादाचा एक कान दोन दिवस ठणकत होता, म्हणून काकूने घरून निघताना त्याला एक जुनं हेल्मेट घातलं होतं. कोणीतरी मुंबईहून आणलेलं, वर्षभर खिळ्याला लटकलेलं. त्या काळात नागपुरात हेल्मेट घालणारा माणूस एक तर पोलिस असायचा नाही तर भित्रा. आम्ही त्याला दिवसभर चिडवलं होतं.

दादा पुढे, मी मागे. पुढच्या रविवारी तो अमरावतीला मुलगी पाहायला जाणार होता. तो पुढून काहीतरी सांगत होता आणि हसत होता, मला ऐकू येत नव्हतं. मी ओरडलो, काय म्हणतं? त्याला ऐकू गेलं नाही, कानावर हेल्मेट. मी जवळ गेलो. तो पुन्हा बोलला. मी आणखी जवळ गेलो.

मी त्याच्या उजवीकडे होतो. माझा डावा हँडल, क्लच आणि गिअरचा, त्याच्या उजव्या हँडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या मुठीला लागला. लागला म्हणजे काय, टेकला. देवळात गर्दीत कोपर टेकावं इतका. क्लचची दांडी त्याच्या ब्रेकच्या दांडीत शिरली, एक क्षण दोन्ही स्कूटर एकच झाल्या, आणि सुटल्या. मला आजही ते जाणवतं, मनगटात: सुटल्यावर माझी गाडी हलकी झाली. डुचमळली, आणि सरळ झाली. मी काहीच केलं नाही. ती आपली आपण सरळ झाली. आरशात पाहिलं तर मागे ठिणग्या.

पुढचं झरझर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. मांडीचं हाड मोडलं. हेल्मेटला कपाळापासून मानेपर्यंत तडा, आत डोकं शाबूत. दादा कानांमुळे वाचला, असं आमच्या घरात अजून म्हणतात. एक ट्रकवाला थांबला, पंजाबी होता, त्याने दादाला उचलून केबिनमध्ये आडवा केला. शेतावरचे बाकीचे मित्र मागून आलेच होते, ते सगळे ट्रकसोबत दवाखान्याकडे गेले. कोणीतरी मला म्हणालं, तू गाड्यांपाशी थांब, आम्ही येतो.

मी थांबलो. एक स्कूटर आडवी, चाक वाकडं, पेट्रोल सांडलेलं. दुसरी स्टँडवर उभी, धड. हुरड्याची पुरचुंडी रस्त्यावर फुटली होती आणि ते हिरवे दाणे डांबरावर पसरले होते. मी ते गोळा करायला लागलो. का, ते विचारू नका. अंधार झाला. सोनेगावला एक विमान उतरलं, त्याचे दिवे माझ्यावरून गेले. तासाभराने मला कळलं की ते येणार नाहीत. विसरले असं नाही, दवाखान्यात त्यांची धावपळ चालली होती, रक्त द्यायचं होतं. मी दादाची गाडी ढकलून एका पानठेल्यामागे लावली, पानवाल्याला सांगितलं, आणि आपल्या स्कूटरला किक मारली. पहिल्या किकमध्ये सुरू झाली. घरी आलो. नेहमीसारखी अंगणात लावली, हँडल लॉक केलं, चावी खुंटीला.

बाबा ओट्यावर होते. निरोप आधीच आला होता. म्हणाले, "तू चालवत आला?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ त्या स्कूटरकडे पाहत राहिले, डाव्या मुठीचं रबर जरा फाटलं होतं तिथे. काही बोलले नाहीत. आत जाऊन आईला म्हणाले, याला जेवायला वाढ.

दादा चार महिने प्लास्टरमध्ये, मग रॉड. डावा पाय अर्धा इंच आखूड झाला. अमरावतीच्या मुलीकडचे थांबले, ही त्यांची भलाई. तीच आमची वहिनी. मला घरात कोणी कधी एका शब्दाने बोललं नाही. पण विचारलंही नाही, तुला कुठे लागलं का? लागलं नव्हतंच, तर काय विचारणार. आणि चूक माझी होती हे मी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं, इतक्या वेळा की काकू शेवटी म्हणाली, "पुरे आता, तोंड दुखंल."

दोन गोष्टी तेव्हापासून बदलल्या. एक, बाबांनी ती डाकोटाची गोष्ट सांगणं बंद केलं. दुसरी दादाची. आम्ही दोघं दोन गाड्यांवर कुठेही निघालो, की तो गेटमध्ये थांबतो आणि हाताने खूण करतो, "तू हो पुढं." त्याचं लग्न, माझं लग्न, पोरांच्या मुंजी, बाबा गेले तेव्हा अंबाझरी घाटावर जातानासुद्धा. "तू हो पुढं. मी येतो मागून." मी ते नेहमी माझी शिक्षा म्हणून घेतलं. बरोबरच होतं म्हणा. ज्याला अंतर राखता येत नाही त्याने पुढेच असावं.

२०२२ च्या नोव्हेंबरात वायुसेना नगरला एअर शो झाला होता. आम्ही दोघं गेलो होतो, तो काठी घेऊन. वायुसेनेच्या आकाशगंगा पथकाची माणसं पॅराशूटने उतरली. मग वायुसेनेच्याच सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या पथकाची विमानं आली, एकमेकांपासून जेमतेम पाच मीटरवर उडणारी. शेजारच्या एका पोराला त्याचा बाप समजावून सांगत होता, मागच्या पायलटने खाली नाही पाहायचं, समोर नाही पाहायचं, फक्त पुढच्याच्या पंखाकडे पाहायचं. २०१९ मध्ये याच पथकाची दोन विमानं येलहंकाला सरावात एकमेकांना भिडली होती आणि एक पायलट गेला होता, हे त्या बापाला माहीत असावं, त्याने पोराला सांगितलं नाही. मी विमानांकडे पाहत होतो. दादा, माझ्या लक्षात आलं, माझ्याकडे पाहत होता.

तर परवा त्रिमूर्तीनगरला दादाकडे गेलो होतो, भाचीचा व्हिडिओ दाखवायला. दाखवता दाखवता सुपीरियरचाही दाखवला. हल्ली तो गाडी चालवत नाही, रॉडच्या जागी दुखतं. मोबाइल लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून त्याने सगळं नीट पाहिलं. दांडा धरलेला हात आला, पांढरं पोट आलं, आग आली. वहिनी म्हणाली, बंद करा बापा ते. त्याने बंद केलं नाही, शेवटपर्यंत पाहिलं. पॅराशूटं उघडली, पोरं उतरली, गळ्यात गळे पडले.

"सगळे वाचले?"

"सगळे."

"चूक मागच्याची होती ना?"

"हाव. रिपोर्टात तेच आहे."

दादाने बशीत चहा ओतला. फुंकर मारली, प्यायला नाही.

"तो आला खाली?"

"आला. विमान घेऊन आला."

"एकटा?"

"एकटाच. बाकीच्यांनी उड्या मारल्या होत्या ना."

त्याने मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि माझ्याकडे पाहिलं, एअर शोच्या दिवशी पाहत होता तसं.

"मंग त्याले घ्यायले कोण गेलं होतं?"